बडग्याच्या आत

भैयाजी : कोट तर द्यावाच लागेल, रामाजी. कोटाशिवाय बडग्या कुणाचा, हे लोकांना कळणार कसं?

रामाजी : औंदा कळाले काहून पायजे जी? मी तं सोडली.

भैयाजी : सोडलीत म्हणूनच. इतकी वर्षं आपल्या गल्लीनं मारबतीच्या मिरवणुकीत तुमचाच कागदी पुतळा, तुमचाच बडग्या काढला. लाल नाक, हातात बाटली, अंगावर बँडचा लाल कोट. महाल भागात काय, पार इतवारीपर्यंत लोक ओळखत, हा रामाजी बँडवाला. तेव्हा तुम्ही पीत होता, आम्ही थट्टा केली. यंदा सत्कार करायचा आहे.

जयवंता : बडग्या काढून?

भैयाजी : वहिनी, यंदाचा बडग्या दारूचा आहे. रामाजींचा नाही.

जयवंता : आन् कोट कोणाचा?

भैयाजी : कोट रामाजींचा.

जयवंता : नाक?

भैयाजी : नाकाचा साचा मागच्या वर्षीचाच आहे. सांगाडाही तोच. परवा मारबत, आता नवं करायला वेळ कुठं आहे?

जयवंता : म्हणजे माह्या नवऱ्याचाच.

भैयाजी : पण फरक बघा ना. यंदा रामाजी स्वतः बडग्याच्या पुढं चालतील, गळ्यात हार घालून. मागं जुना रामाजी, पुढं नवा रामाजी. मद्यनिषेध मंडळात कल्पना मीच मांडली. एकमतानं पास झाली.

जयवंता : भैयाजी, मारबत आन् बडगे शेवटी कुठं नेतात?

भैयाजी : गावाबाहेर. जाळतात. तुम्हाला काय सांगायचं ते?

जयवंता : इडा पिडा घेऊन जा म्हणत, शिव्या घालत नेतात, आन् जाळतात. त्याच्या पुढं माह्या माणसाले हार घालून चालवता. हार घालून पुढं कोणाले चालवतात, ठाऊक हाय ना तुमाले?

रामाजी : बकऱ्याले.

भैयाजी : तुम्ही दोघं थट्टेवर नेता. हा समाजाच्या उद्धाराचा प्रश्न आहे.

रामाजी : थट्टा नाही जी. मिरवणूक दारूच्या ठेक्यासमोरून जाते.

भैयाजी : दरवर्षीच जाते.

रामाजी : मी नाही जात. गांधीबागेत कामाले जातो, तं जुम्मा तलावाकडून फेरा घालून जातो. दुकानात कापडाच्या गाठी बांधतो, आन् त्याच फेऱ्यानं घरी येतो. सोडल्यापासून मी ठेक्याचं दार पाह्यलं नाही.

भैयाजी : तेच तर दाखवायचं आहे. ठेक्यासमोर तुम्ही थांबाल, आणि तिथं उभं राहून दोन शब्द बोलाल.

रामाजी : ठेक्यासमोर थांबून दोन शब्द मी लई वर्षं बोललो, भैयाजी. 'अजून एक.'

भैयाजी : हे सभेत सांगा बरं. फार छान आहे.

रामाजी : सभेचं नाव नका काढू. मागच्या रविवारी तुमी मले खुर्चीवर उभं केलं आन् म्हटलं, पहिल्यांदा कशी प्यालात ते सांगा. मी सांगाले लागलो. लग्न होतं, बँड दारात, थंडी मस्त पडलेली, नवरदेवाच्या काकानं मोहाची आणली, पहिल्या धारेची. सारे लोक सतरंजीवर पुढं पुढं सरकून राहिले होते. सांगता सांगता माह्याच तोंडाले पाणी सुटलं.

भैयाजी : भाषण अत्यंत प्रभावी झालं. सभेनंतर काही जणांनी शपथ घेतली.

रामाजी : आन् बाकीचे सभा सुटल्यावर कोणत्या गल्लीत वळले, तेबी मी पाह्यलं. मी एकटा तलावाकडून गेलो.

जयवंता : आता पाहा, घेतला.

भैयाजी : काय घेतला?

जयवंता : वास. बोलता बोलता तुमी तोंड यायच्या तोंडाजवळ नेलं. मी पाह्यलं ना.

भैयाजी : वहिनी, ते काळजीपोटी. मंडळात तसं ठरलंच आहे. सभासदानं भेटेल तेव्हा सहज, न दुखवता, खात्री करून घ्यावी.

रामाजी : सारे सहजच घेतात जी. शेट सकाळी रामराम कराले गल्ल्यावरून खाली उतरते. पुजारी तीर्थ देता देता वाकते. मी उमरेडले सासुरवाडीले गेलो, तं साळ्यानं मले मिठी मारली. लग्नातबी मारली नव्हती.

जयवंता : मी तं सांगून घेते. रोज दिवे लागाच्या वेळी, उंबऱ्याच्या अंदर पाय टाकाच्या अगोदर. तोंड उघडा म्हणते, उघडतात.

रामाजी : गाईचे दात पाहावे तसं पाह्यते.

जयवंता : गाय रस्त्यात पडून राहत नाही.

भैयाजी : मग कोट?

जयवंता : कोट न्या. ट्रंकेत ठेवला तं माह्या लुगड्यायले वास लागून राहिला. पण हे नाही येत. भैयाजी, तुमाले साफ सांगते. परवा पोळ्याची कर. करीच्या दिवशी अख्खं नागपूर पिते, ज्याले जमत नाही तोबी पिते. माही पोट्टी, गोपिका, माह्या भावाकडं हाय. बापानं रात्री तिची थाळी विकली, त्या दिवशी भाऊ येऊन तिले घेऊन गेला. आता भाऊ म्हणते, करीचा दिवस कोरडा गेला तं पोट्टी तुही. मारबतीच्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो तिले घेऊन येते. यायच्या तोंडाले वास आला, तं तिले टांग्यातून उतरू नाही देणार. भाऊ त्याच टांग्यानं परत नेईन. आन् मंग कधी आणणार नाही. त्याचा शब्द मले ठाऊक हाय.

भैयाजी : म्हणूनच म्हणतो, मंडळाच्या देखरेखीत राहू द्या.

जयवंता : माह्या देखरेखीत राहतील. सकाळी जेवाले घालीन, अंदर बसवीन, आन् बाहेरून कडी लावीन.

रामाजी : कडी नको लावू वं.

जयवंता : काहून?

रामाजी : कडी लागली का मले दुसरं काही सुचतच नाही. मागं तू लावली होती, तं मी छपराचं कवेलू काढून गेलो होतो.

जयवंता : ते कवेलू अजूनबी गळते.

भैयाजी : रामाजी, एक नाजूक गोष्ट. मंडळात चर्चा झाली म्हणून बोलतो. तो महादेवराव रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बसलेला दिसतो.

जयवंता : हे मात्र खरं बोलले. मी सांगून सांगून थकली.

भैयाजी : तो पितो.

रामाजी : पिते ना. माह्यापेक्षा जास्त पिते. बँडमध्ये तो ढोल वाजवे, मी क्लॅरिनेट. आमी संगंच सुरू केली होती.

भैयाजी : आणि त्याला तुम्ही ओट्यावर बसवता?

रामाजी : दिवे लागले का तो येते. आमी चौपट खेळतो. माह्या अंगाले तेव्हा मुंग्या येतात जी, सोंगट्या हातातून सांडतात. तो उचलते. ठेका बंद होईस्तोवर बसते.

भैयाजी : आणि मग?

रामाजी : मंग तो जाते. त्याले मागल्या दारानं देतात.

भैयाजी : म्हणजे दारुड्याच्या सोबतीनं तुम्ही दारू सोडता आहात. हे मी सभेला काय सांगू?

रामाजी : तुमची सभा रविवारी राहते, भैयाजी. दिवे रोज लागतात.

भैयाजी : असो. त्या महादेवरावानंच तर यंदा आमचा घात केला. दरवर्षी बडग्याच्या आत तोच उभा राहून नाचायचा. तुमची चाल हुबेहूब करायचा. यंदा नाही म्हणाला.

जयवंता : काहून?

भैयाजी : बाटलीसाठी, दुसरं काय? मंडळानं ठरवलं, दारूच्या बडग्याला हात लावणारा कुणी पिऊन येणार नाही. मागच्या वर्षी बडग्या उचलणारे चौघे बडग्यासकट नालीत गेले. तर बाटली बंद म्हणताच हा नाही म्हणाला. आता शुद्धीवरच्या माणसाला ते झोकांडे जमत नाहीत हो. काल शाळेचे ड्रिल मास्तर आत घातले. बडग्या कवायत करत निघाला.

रामाजी : डावा पाय घासत टाकाचा. मंग थांबाचं, काही आठवल्यावानी. मंग दोन पावलं पटपट.

भैयाजी : तेच, तेच. तुम्ही मास्तरांना शिकवाल का?

रामाजी : शिकवून येत नाही ते. मी जातो अंदर.

जयवंता : कुठं अंदर?

रामाजी : बडग्यात.

जयवंता : डोकं ठिकाणावर हाय ना?

रामाजी : ऐक तं खरं. महादेवराव सांगे, अंदरून काहीच दिसत नाही. पोटापाशी एक भोक हाय, त्यातून खालचा रस्ता दिसते बस. ठेका आला कधी, गेला कधी, मले कळणार नाही. लोकायले मी दिसणार नाही, कोणी वास नाही घेणार, कोणी भाषण कर नाही म्हणणार. आन् बाहेरून भोई उचलतात, तरी अंदरच्याचे दोन्ही हात मधल्या बांबूले धरलेले. बाटली धराले हात मोकळा नाही. घरात बसलो तं दोन्ही मोकळे राहतील.

जयवंता : ठेकेदार दरवर्षी बडग्याच्या तोंडात बाटली ओतते. साऱ्या गावाले ठाऊक हाय.

भैयाजी : त्याला यंदा निरोप दिला आहे, ओतायची नाही म्हणून.

जयवंता : काय म्हणाला?

भैयाजी : हसला. पण ओतली तरी कागदावरून ओघळते, वहिनी. आत काय जातंय? वरचं तोंड दीड पुरुष उंच.

रामाजी : वं, मले घरात बसून मिरवणूक ऐकता नाही येणार. ढोल वाजले का माहे पाय हलतात. कडी लावली तं मी तुटीन. हे मी तुले खरं सांगून राहिलो.

जयवंता : नाचून झालं का सरळ घरी याचं. गाडीच्या अगोदर.

रामाजी : सरळ घरी.

जयवंता : थांबा, कोट काढते. हे घ्या भैयाजी. चार बटनं पितळेची हायेत, पाचवं मी लावलं, हाडाचं. माह्या बहिणीच्या लग्नात हाच कोट घालून वाजवत आले होते. आमच्या बापानं नवरदेव सोडून यायलेच पाह्यलं.

रामाजी : तुनंबी पाह्यलं.

जयवंता : तेव्हा नाक लाल नव्हतं.

भैयाजी : मग हार कुणाला घालायचा?

जयवंता : बडग्याले घाला. जळन तं जळन.

(मारबतीचा दिवस, दुपार कलल्यावर. त्याच घराच्या मागल्या अंगणात.)

जयवंता : तिथंच. पायरी चढू नका.

रामाजी : पाणी दे.

जयवंता : विहिरीपर्यंत वास येऊन राहिला.

रामाजी : बकेटीनं दे. डोक्यावरून.

जयवंता : कुठं बसले होते?

रामाजी : बसलो नाही कुठंच. बडग्यातून निघालो तो मागल्या गल्लीनं इथंच आलो. लोकं बाजूले होऊन होऊन रस्ता देत होते.

जयवंता : ही बंडी पिळली तं पेला भरन. काय झालं?

रामाजी : ठेकेदारानं ओतली.

जयवंता : ती तं कागदावरून ओघळते म्हणे.

रामाजी : महादेवरावनं वरच्या तोंडापासून खाली नळी लावून ठेवली होती वं. बांबूची, पोकळ. कधीची लावली, देव जाणे. ठेकेदार वरून ओते आन् हा खालून तोंड लावून घे. म्हणून इतकी वर्षं तो एवढ्या खुशीनं नाचे. मलेबी सांगितलं नाही कधी. मी वाटा मागितला असता ना.

जयवंता : आन् भैयाजीनं सांगाडा तोच ठेवला.

रामाजी : तोच. बरोबर टाळूवर येते नळी. ठेक्यासमोर आलो ते मले कळलं. दिसलं नाही काही, पण मोहाचा वास नाक ओळखते. मी दात दाबून उभा राहिलो. बाहेर ठेकेदार बडग्याले म्हणून राहिला, रामाजी, लई दिवस आला नाही गा, ये, तुह्या वाट्याची ठेवली हाय. सारी मिरवणूक हासली. तो प्रेमानंच म्हणत होता, वाईट मनानं नाही.

जयवंता : मंग?

रामाजी : मंग आली. गार. डोक्यावरून, डोळ्यात, नाकावरून खाली. दोन्ही हात बांबूले. सोडले तं बडग्या लोकायवर पडते. मानेवर कोणी हात ठेवावा तसं वाटलं वं मले, खोटं काहून सांगू? मिशीवर येऊन थांबली. जीभ पुरली असती.

जयवंता : पाण्यात बसा. बोला, मी ऐकून राहिली.

रामाजी : तेवढ्यात महादेवराव खालून अंदर घुसला. तो गर्दीत होता, मले ठाऊक नव्हतं. बडग्याची चाल पाहून त्यानं ओळखलं, अंदर कोण हाय ते. आधी ठेकेदाराच्या हाताले लटकला, ओतू नको म्हणे. ठेकेदाराले वाटलं, यालेच पायजे. त्याले अर्धी पाजली, अर्धी बडग्याले. मंग हा रांगत अंदर आला. तोंड मिट, म्हणे, नळी मीच लावली होती माह्या बापा, तोंड मिट. आन् आपल्या दुपट्ट्यानं माहं तोंड पुसत राहिला. मिशी, नाक, कान. मी पडलो असलो का गोपिका आपल्या परकरानं पुसे ना, तसं.

जयवंता : तो शुद्धीत होता का?

रामाजी : कुठचा? झिंगलेलाच होता. पुसता पुसता रडाले लागला. म्हणे, पहिल्या धारेची होती रे, सारी डोक्यावर गेली. पण दुपट्टा नाही सोडला. ठेका मागं पडेस्तोवर तो माह्या पोटाले लागून उलटा उलटा चालला.

जयवंता : बाटली नाही म्हणून नाचत नाही म्हणत होता तो.

रामाजी : मी विचारलं त्याले. अंदरच विचारलं. म्हणे, बाटली तं मी घरूनबी आणली असती. पण तुही चाल आता तशी राहिली नाही, मंग मी खोटी काहून चालू?

जयवंता : असं म्हणाला?

रामाजी : असंच म्हणाला. मंग नाल्याजवळ बसला तो बसलाच.

भैयाजी : वहिनी, आहात का? पुढून हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

जयवंता : या. हे न्हाणीत हायेत.

भैयाजी : बडग्या काय पेटला हो. आजवर असा पेटला नव्हता. काडी लावताच भडका, मारबतीच्याही आधी. कोट, नाक, हार, सगळं एका क्षणात गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, मंडळानं खास काही मसाला घातला असेल.

जयवंता : मसाला ठेकेदारानं घातला.

भैयाजी : तेच बोलायला आलो. गावभर बोभाटा झाला आहे. मद्यनिषेध मंडळाचा माणूस मद्यनिषेधाच्या बडग्यातून दारूनं न्हाऊन निघाला. उद्या लोक मला विचारतील. मला एकदा त्यांच्या तोंडाचा वास घेऊ द्या. म्हणजे सभेला छातीठोक सांगता येईल.

जयवंता : नाही.

भैयाजी : दार लोटूनच ठेवा हवं तर. नुसतं तोंड बाहेर काढू द्या.

जयवंता : माह्या नवऱ्याचं तोंड सभेचं नाही.

भैयाजी : बरं, तुम्ही तरी घेतलात ना?

जयवंता : नाही घेतला.

भैयाजी : रोज घेता, आणि आज नाही? आज? मग तुम्हाला कळलं कशावरून, की ते प्यायले नाहीत?

जयवंता : इतकी वर्षं हे पिऊन आले का दारातच मले म्हणत, मी नाही प्यालो. मी काही विचाराच्या अगोदर. पडले असले तं पडल्या पडल्या म्हणत. देवाची शपथ, पोट्टीची शपथ, मी नाही प्यालो. आज आले तं एवढा वास घेऊन आले, आन् ते म्हणालेच नाहीत. पाणी मागितलं फक्त.

भैयाजी : हे... हे रविवारी तुम्ही सभेत येऊन सांगाल का, वहिनी?

जयवंता : रविवारी पोट्टीचे केस धुवाचे हायेत.

भैयाजी : पण तुमचे बंधू तर आता येतील. त्यांना काय सांगणार? वास तर घरभर आहे. मला एक सुचतं. तो महादेवराव नाल्याजवळ पडला आहे, त्याला आणून ओट्यावर निजवू. बंधूंना सांगता येईल, वास त्याचा आहे. अगदीच खोटंही नाही ते.

रामाजी : नाही जी.

भैयाजी : आतून ऐकता आहात होय?

रामाजी : त्याच्या डोक्यावर नका घालू. माह्या डोक्यावर पडली ते माही. तो आज दिवे लागल्यावर आपल्या पायानं येईन, नाहीतं नाही येणार.

जयवंता : पायानं नाही येत तो आता. भैयाजी, मंडळाचे भोई अजून शुद्धीवर असतील ना?

भैयाजी : एक थेंब प्यायले नाहीत. ठरलंच होतं.

जयवंता : मंग त्यायले सांगा, महादेवरावले उचलून आणा. ओट्यावर ठेवा. कोणाचा वास लपवाले नाही. त्याची एक भाकर मी जास्त टाकली हाय.

भैयाजी : मद्यनिषेध मंडळाच्या भोयांनी दारुड्याला उचलायचं?

जयवंता : बडग्या उचललाच ना त्यायनं. हा त्याच्याहून हलका हाय.

भैयाजी : बघतो. कसं सांगायचं ते बघतो. मंडळ काय म्हणेल, ते मी... येतो मी.

जयवंता : या. आन् जाताना तलावाकडून जाऊ नका फेरा घालून, तुमाले गरज नाही.

रामाजी : गेले का?

जयवंता : गेले. निघा बाहेर. शिकेकाई संपवली का सारी?

रामाजी : तीनदा घासलं डोकं. अजून येते का वं?

जयवंता : येते.

रामाजी : लई येते?

जयवंता : केसात हाय. दोन दिवस राहीन.

रामाजी : ऐक, घुंगरं. टांगा हाय. गल्लीच्या तोंडाशी आला.

जयवंता : ऐकलं. डोकं पुसा नीट, पाणी गळून राहिलं.

रामाजी : साळा मिठी मारन पाह्य. उतरल्या उतरल्या मारन.

जयवंता : मारू द्या.

रामाजी : तू अगोदर माह्या तोंडाचा वास घेऊन घे ना. म्हणजे त्याले सांगता येईन, मी पाह्यलं म्हणून. पाह्य, तोंड उघडतो.

जयवंता : मिटा ते.

रामाजी : मंग तू सांग त्याले. तुह्यावर त्याचा भरोसा हाय.

जयवंता : मी नाही सांगत. तुमी सांगा, जे झालं ते. नळीचं सांगा, महादेवरावचं सांगा.

रामाजी : आन् पोट्टीनं विचारलं तं? इतक्या दिवसानं येऊन राहिली, आन् बापाले तोच वास. तिले काय सांगू?

जयवंता : सांगा, बाप बडग्याच्या अंदर होता. बाहेर निघाला.

रामाजी : ऐकून घेईन?

जयवंता : परकर चांगला घातला असन तिनं आज. तिले पुसाले नका लावू, बस.

रामाजी : कडी वाजवून राहिले. जा ना वं, उघड.

जयवंता : पुढलं दार तुमी उघडा.